आहेत किती, असतात किती

अक्का स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असं म्हणायच्या. सांगली-कोल्हापूरकडच्या बायका असं बोलतात हे आता मला ठाऊक आहे. पण मी सातारचा. नोकरीसाठी फोन केला आणि पलीकडून ‘मी हापिसात बसलोय, ये सरळ वर’ असं ऐकलं, तेव्हा बारीक आवाजाच्या कुणा गृहस्थांना भेटायला निघालोय अशीच माझी समजूत झाली. सांगलीतल्या हळदीच्या वखारीवरचा लाकडी जिना चढून गेलो, तर खिडकीपाशी साठीच्या एक बाई केळं सोलत बसलेल्या. मी विचारलं, “साहेब आहेत का?”

“साहेब मीच. बस. केळं खाणार?”

अक्कांचं सासर हळदीच्या व्यापाऱ्याचं, जैन. वखार दिरांची, वरची खोली यांच्या वाट्याची. खाली पोती हलली की वर शिंका सुरू व्हायच्या. आमचे कागद वर्षभरात पिवळे पडत आणि पुण्याच्या कंपन्यांना पाठवलेल्या अहवालांना हळदीचा वास येई. एका कंपनीनं तशी तक्रार केली होती. अक्कांनी उलट कळवलं, ‘वास घेऊ नका, वाचा.’

त्यांचा धंदा समजावून सांगणं अवघड आहे. माझ्या वडिलांना तो शेवटपर्यंत समजला नाही. कुणाला एखाद्या तालुक्याच्या गावी बेकरी टाकायची असते, कुणाला खेड्यापाड्यांत शाम्पू विकायचा असतो. तिथं माणसं किती, कोणत्या वयाची, काय कमावतात आणि कशावर घालवतात, हे त्याला आधी कळायला हवं. सरकारी आकडे असतात, पण जनगणना जुनी झालेली, मतदार यादीत मेलेली माणसं जिवंत आणि रेशनकार्डावर लग्न होऊन गेलेल्या मुली अजून माहेरी. मग अक्का माणसं पाठवून घरोघर विचारायच्या आणि अहवाल लिहून द्यायच्या. सांख्यिकी शिकल्या होत्या, काही वर्षं कॉलेजात शिकवलंही होतं. ते का सोडलं विचारलं तर म्हणाल्या, “पोरं उत्तरं एकमेकांची उतरवायची. मग मी म्हटलं, जिथं उत्तर उतरवता येत न्हाई असं काम धरूया.”

त्या सूर्यास्ताआधी जेवायच्या. त्यामुळं आमचं फील्डवर्क ऊन कलायच्या आत गुंडाळलं जाई. पुण्याच्या कंपन्यांचा आग्रह असे की घरातले पुरुष संध्याकाळी भेटतात, तर संध्याकाळी विचारा. अक्का म्हणायच्या, बाजार कोण करतं ते दुपारी घरात असतं, पुरुषाला मिठाच्या पुड्याचा भाव तरी ठाऊक असतो का? मला तेव्हा ठाऊक नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी फॉर्म देत नसत. मला त्यांनी आठवडी बाजारात सोडलं. “एक बाई धर आणि तिच्या मागं फीर. बोलायचं न्हाई, विचारायचं न्हाई. नुसतं बघून ये.” मी एक मध्यमवयीन, पिशवीवाली बाई धरली आणि तिच्या मागं मागं हिंडू लागलो. कांद्यापाशी ती थांबली की मी थांबायचो, भांड्यांच्या दुकानापाशी थांबली की मी पलीकडं चपला बघायचो. शेवटी ती गर्रकन वळली.

“काय रं मुडद्या, कवाधरनं मागं मागं का हिंडतुयास? आई-भण न्हाई व्हय तुला?”

आजूबाजूची चार माणसं जमली. सर्व्हे करतोय म्हणालो, तर ती म्हणाली, “सर्वे? माजा?” कसाबसा सुटून वखारीवर आलो आणि बाईनं घेतलेल्या वस्तू घडाघडा सांगितल्या. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि हातात धरून परत काय ठेवलं?”

मी आठवू लागलो. स्टीलचा एक डबा तिनं उचलला होता, झाकण उघडून पाहिलं होतं, हात फिरवला होता आणि ठेवून दिला होता. पुढं जाऊन ती परत फिरली होती आणि पुन्हा बघून गेली होती.

“हे कुठल्या बिलावर येत न्हाई बघ,” अक्का म्हणाल्या. “घेतलेलं कुणीबी सांगतंय. ठेवलेलं आपण बघायचं.” त्यानंतर मला फॉर्म मिळाला.

दुसरा धडा ‘खर्च’ या शब्दाचा. पुण्याहून छापून आलेल्या प्रश्नावलीत ‘आपला मासिक खर्च किती?’ असं असे. आमच्याकडं खेड्यात हे विचारलं की उत्तर येई, ‘खर्च कसला? काय न्हाई.’ नवे लोक तिथं शून्य लिहीत. पण आमच्या भागात खर्च म्हणजे लग्न, दवाखाना, घराचा स्लॅब. तेल, साखर, साबण हा खर्च नव्हेच, तो ‘बाजार’. म्हणून अक्कांनी सांगून ठेवलं होतं की खर्च विचारायचा नाही, बाजार विचारायचा. ‘बाजाराला काय लागतंय?’ म्हटलं की तीच बाई मांडी घालून बसायची आणि काड्यापेटीपासून सगळं सांगायची. आता मी शिरवळच्या एका कारखान्यात याच कामाला आहे. आकडे आपोआप मोबाईलवर येतात, कुणी शिव्या देत नाही. तरी एखाद्या रकान्यात ओळीनं शून्यं दिसली की मी तिथल्या पोराला फोन करून विचारतो, बाबा, शब्द कुठला वापरलास?

‘सरासरी’वर त्यांचा राग होता. शिकल्या तेच, आणि राग त्यावरच. “सरासरी माणूस मला अजून भेटला न्हाई. भेटला तर घरी जेवायला बोलवीन,” म्हणायच्या. आणि एक मोठा दोष सांगायलाच हवा, नाहीतर हे नुसतं कौतुक होईल. अक्का कधी चुकल्याचं कबूल करत नसत. मिरजेचा रस्ता चुकलो तरी ‘हिकडनंबी जाता येतंय’ म्हणून पार कळंबीपर्यंत गाडी न्यायला लावणार. अहवाल एकदा गेला की त्यातला शब्द बदलायचा नाही. एका कंपनीनं फेरतपासणी मागितली तेव्हा त्यांनी पैसे परत पाठवले, पण तपासणी केली नाही. या हट्टापायी त्यांची बरीच कामं गेली आणि आमच्या पगारांनाही उशीर झाला. आम्ही मागं चरफडायचो, पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

एके दिवशी वखारीवर एक सुभेदार आले. फौजेतून नुकतेच सेवानिवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, बायको आटपाडीची. ताठ उभे राहूनच बोलायचे. त्यांना आटपाडीत फ्रीज, मिक्सर, वॉशिंग मशिनचं दुकान काढायचं होतं. निवृत्तीचे पैसे घालायची तयारी होती, उरलेलं बँक देणार होती. पण बँकेला आधी बाजारपेठेचा अहवाल हवा होता.

“मॅडम, आमचे सगळे जोडीदार आता कुठं ना कुठं गेटवर उभे हायत,” ते म्हणाले. “बँकेच्या गेटवर, सोसायटीच्या गेटवर. कालची पोरं गाडीची काच खाली न घेता हॉर्न मारत्यात आणि ह्यांनी पळत जाऊन गेट उघडायचं. मला त्ये जमणार न्हाई. दुकान झालं तर ठीक. न्हाईतर मलाबी गेटच हाय.”

अक्कांनी त्यांना बसवलं, केळं दिलं आणि काम घेतलं.

कागदावर आटपाडी फार देखणी दिसली. घरं भरपूर, दर घरात माणसं भरपूर, आणि घरं तरी कशी, दुमजली, रंगीत, बाल्कनीला स्टीलचे कठडे. त्या कोरड्या माळावर एवढी घरं कुठून आली हे बाहेरच्याला कळत नाही. तिकडचे लोक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेत. त्याला गलाई म्हणतात. केरळ, तामिळनाडू, पार आसामपर्यंत आटपाडी-विट्याकडची माणसं भट्ट्या लावून बसलीत आणि कमाई गावाकडच्या घराला लावतात. आमच्या पोरांनी आणलेले फॉर्मही छान होते. माणसं सहा, सात, आठ. बाजार मात्र अगदी किरकोळ. पावशेर तेल, छटाकभर चहा. मी म्हणालो, लोक लपवताहेत. अक्का म्हणाल्या, “गाडी काढ.”

पहिलंच घर मी विचारलं. मोठा बंगला, दारात आज्जी एकट्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी नेहमीसारखं विचारलं, “आज्जी, घरात किती माणसं आहेत?”

“सात हायती की.” आणि बोटांवर मोजत नावं सांगितली. थोरला, त्याची बायको, त्यांची पोरं, धाकटा, त्याची बायको. मी सात लिहिलं. मागं वळून पाहिलं तर अक्का दाराबाहेरच्या चपलांकडं बघत होत्या. चपलांचा एकच जोड होता.

त्या आज्जींच्या शेजारी टेकल्या, सुपातल्या चार शेंगा घेऊन फोडू लागल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, “आज भाकरी किती थापल्या हो, आज्जी?”

आज्जी थांबल्या. “दोन. सकाळची येक, सांजची येक.”

मी सातवर काट मारायला पेन टेकवलं, तर अक्कांनी माझा हात धरला. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “ती खोटं न्हाई बोलली. तू काय विचारलास? ‘आहेत’ किती. सात आहेतच की! देवानं दिलेली माणसं, आहेतच म्हणायचं. एक म्हणायला तिची जीभ कशी रेटंल? आपल्याला पायजे ‘असतात’ किती.” त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर दोन रकाने झाले, ‘आहेत’ आणि ‘असतात’. पहिला आधी विचारायचा, सगळी नावं सांगून होऊ द्यायची, घाई करायची नाही. मग भाकरीवरून दुसरा काढायचा. आठवडाभर आम्ही पुन्हा सगळी गावं फिरलो. ‘असतात’च्या रकान्यात एक आणि दोन सोडून फारसं काही आलं नाही.

अक्कांनी अहवाल दिला. या भागात खाणारं तोंड घरटी एक-दोन, तेही म्हातारं. घरगुती उपकरणांना गिऱ्हाईक नाही. दुकान काढू नये.

बँकेनं कर्ज नाकारलं. सुभेदार जिना चढून आले, या खेपेला बसले नाहीत. मला वाटलं ओरडतील. ते सावकाश बोलले, त्यानं जास्त लागलं.

“मॅडम, मी सगळी नोकरी भाईर केली. पंजाब, नागालँड, काश्मीर. तुमच्या हिशेबानं मी घरात असायचो न्हाई. कबूल. पण घरातला टीव्ही कुणी घेतला? गॅस कुणी आणला? आईला पंखा कुणी बसवला? जो घरात न्हाई त्यानंच घेतला का न्हाई? तुम्ही म्हातारीच्या भाकरी मोजल्या. तिच्या पोराला इचारलं का?”

सुभेदार सलाम करावा तसं डोकं हलवून उतरून गेले. त्या दिवशी जेवणाचं पान वाढलं गेलं तरी अक्का खिडकीपाशी बसून राहिल्या. दिवस बुडाला आणि त्या उपाशी झोपल्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मनात थोडं बरंही वाटलं. त्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात गावच्या यात्रेला सगळे गलाईवाले घरी आले. वर्षभर सुन्या असलेल्या दारांत गाड्या उभ्या राहिल्या, पोरं तमिळ आणि मराठी मिसळून भांडू लागली. अक्का कुणी न सांगता, कुणाकडून पैसे न घेता तिथं गेल्या आणि मलाही नेलं. यात्रेच्या गर्दीत त्या कमावत्या गलाईवाल्यांना एकच गोष्ट विचारत होत्या, आईसाठी, घरासाठी काय घेता आणि कुठून घेता? आज्जींचा थोरला मुलगा म्हणाला, “मावशी, आमी तिकडं भाड्याच्या खोलीत ऱ्हातो. घर म्हंजी हेच. जे घ्यायचं ते ह्या घरासाठीच घेतो. पण बिघडलं तर बघायला माणूस न्हाई, आन् आईला काय लागलं तर फोन लावून सांगायला हितं वळखीचा दुकानदार न्हाई. म्हणून सांगलीसनं आणायला लागतंय.” प्रत्येक घरी कमीजास्त हेच.

मग अक्का बँकेत गेल्या. मी सोबत होतो म्हणून सांगू शकतो, नाहीतर कुणी विश्वास ठेवला नसता. मॅनेजरसमोर त्यांनी नवा अहवाल ठेवला आणि म्हणाल्या, “आधीचा बाजूला ठेवा. मी चुकलो. मी राहणारी माणसं मोजली, घर चालवणारी मोजली न्हाईत.”

मॅनेजर म्हणाले, “दोन्हीत आकडे तुमचेच आहेत. मी खरा कुठला मानू?”

“आकडे दोन्हीतले खरे हायत. प्रश्न पहिल्यातला चुकला होता.” चेहरा लालबुंद झाला होता, पदरानं घाम पुसत होत्या, पण हलल्या नाहीत. कर्ज मंजूर झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “तू हे कुणाला सांगणार असशील तर माझ्या माघारी सांग.”

सुभेदारांनी दसऱ्याला दुकान उघडलं. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. तामिळनाडूतून मोठ्या फ्रीजची ऑर्डर आली होती, त्या आज्जींच्याच थोरल्याची. दिवाळीला यायला जमणार नाही, भट्टीचं काम आहे, म्हणून आईला फ्रीज. “चला मॅडम, तुमच्या हातनं पोचवू.” आम्ही त्यांच्या टेम्पोतून गेलो.

फ्रीज पुढच्या सोप्यात उभा राहिला. सुभेदारांनी वायर जोडली, दार उघडून दाखवलं, आत दिवा लागला. आज्जींनी आधी फ्रीजला हळदकुंकू लावलं. मग आत वाकून बघितलं, काचेच्या फळ्यांवर हात फिरवला.

“ह्यात काय ठिवत्यात?”

“दूध ठेवा, भाजी ठेवा. उरलंसुरलं ठेवायचं, नासत न्हाई,” सुभेदार म्हणाले.

“माजं उरतंय कुटं? दोन भाकरी करती, दोनी खाती. दूद शेजारीण वाटीभर देती, ते च्यालाच जातंय.” त्या अक्कांकडं वळल्या. “तुमी सांगा बाई, काय ठिवू आत?”

सुभेदारांनी खांद्याच्या पिशवीतली स्वतःची पाण्याची बाटली काढली आणि मधल्या फळीवर ठेवली. “ही ऱ्हाऊ द्या आज्जी. हिकडनं आमची गाडी जाती. उतरून गार पाणी पिऊन जाईन.”

“कवा जाती गाडी?”

“आठवड्याला हाय की.”

आज्जींनी दार लावलं. जरा वेळानं पुन्हा उघडून बाटली आहे का बघितली आणि लावलं.

आम्ही निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. सुभेदार टेम्पो वळवत होते. आज्जींनी अक्कांचा हात हातात घेतला. “आवं बाई, तुमी परत कवा येणार इचारायला?”

सर्व्हे संपला की विचारलेल्या घरी पुन्हा विचारायला जायचं नसतं, हा आमच्या कामातला पहिला नियम. तो अक्कांनीच मला शिकवला होता. त्या म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात येतो की.”

टेम्पोत त्या माझ्या आणि सुभेदारांच्या मधे बसल्या होत्या. गाव मागं पडलं तेव्हा पाहिलं तर रडत होत्या, डोळे पुसायचं भानही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “अक्का, पण आपला सर्व्हे तर संपला.”

“संपला की,” त्या म्हणाल्या. “आता नुसतंच जाऊन येतो.”